अपंग चालकांसाठी विजेची मोटार : आसन, किंमत आणि कायदा

मागच्या बाजूला दोन जादा चाके लावलेली स्कूटर आपल्या शहरांना परकी नाही. पोलिओने पाय अधू झालेल्या एका संपूर्ण पिढीने नोकरीचे ठिकाण, बँक, मुलांची शाळा या साऱ्या वाटा याच वाहनावरून तुडवल्या. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. ती पिढी आता पन्नाशी-साठीकडे झुकली आहे. खांदे दुखू लागले आहेत, पावसात भिजत जाणे झेपत नाही. दुसरीकडे अपघातात पाठीच्या कण्याला इजा होऊन व्हीलचेअरवर आलेल्या तरुणांची भर पडते आहे. या दोघांनाही आता चारचाकी हवी आहे आणि ती स्वतः चालवायची आहे. विजेच्या मोटारी त्यांच्यासाठी किती सोयीच्या ठरतात, त्यात बसणे-उतरणे कितपत जमते आणि खर्च कुठे वाचतो, याची ही माहिती. (सरकारदरबारी आता ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ आहे. या लेखात दोन्ही शब्द आले आहेत.)

क्लच गेला, निम्मे काम झाले

पेट्रोल वा डिझेलच्या साध्या गाडीत डाव्या पायाला क्लच, उजव्याला ब्रेक आणि ॲक्सिलरेटर अशी तीन पायखीळींची कसरत असते. विजेच्या मोटारीत क्लच नसतो आणि गिअर बदलावे लागत नाहीत. त्यामुळे ज्यांचा केवळ डावा पाय अधू आहे, त्यांना बहुधा कोणताही बदल न करता ही गाडी चालवता येते. उजवा पाय निकामी असल्यास ॲक्सिलरेटर डाव्या बाजूला घेता येतो. दोन्ही पायांत शक्ती नसेल, तर ‘हँड कंट्रोल’ बसवावे लागते. स्टिअरिंगजवळच्या एका दांड्याने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही हाताने चालवायचे, अशी ही रचना असते. उरलेल्या हाताने स्टिअरिंग वळवता यावे म्हणून चाकावर एक गोल मूठ बसवतात.

ही सोय आपल्याकडे तशी जुनीच. २००१ मध्ये बंगळुरूत रस्त्यावर आलेली ‘रेवा’ ही दोन दरवाजांची चिमुकली गाडी बिनक्लचची होती. लंडनमध्ये ती ‘जी-विझ’ या नावाने विकली गेली. २०१० मध्ये ती कंपनी महिंद्रने घेतली, २०१३ मध्ये ‘ई-टू-ओ’ आणली आणि काही वर्षांनी तेही उत्पादन थांबले. शिशाच्या बॅटरीवर चालणारी, मर्यादित पल्ल्याची रेवा घेण्याचे धाडस मोजक्यांनीच केले. आज पल्ल्याचा प्रश्न शहरापुरता तरी मिटला आहे.

विजेच्या गाडीचा आणखी एक गुण हँड कंट्रोल वापरणाऱ्यास विशेष मोलाचा आहे. ॲक्सिलरेटर सोडला की मोटार उलटी काम करून वीज परत बॅटरीत भरते आणि गाडीचा वेग आपोआप उतरतो. हा जोर कमी-जास्त करता येतो. टाटाच्या ‘टियागो ईव्ही’त त्याचे टप्पे बटणाने निवडता येतात, तर ‘पंच ईव्ही’च्या वरच्या प्रकारांत स्टिअरिंगमागच्या पात्यांनी. गर्दीच्या रस्त्यावर दिवसभरात शेकडो वेळा दांडा ढकलायचा असतो, तिथे ही बचत मनगटाला आणि खांद्याला जाणवते. तथापि बॅटरी पूर्ण भरलेली असताना हा परिणाम कमी होतो, हे घरून निघताना ध्यानात ठेवावे. शिवाय विजेच्या मोटारीचा जोर पहिल्या क्षणापासून मिळतो. हाताच्या दांड्याला जरासा धक्का बसला तरी गाडी झेपावते. नवशिक्याने सुरुवातीचे दिवस ‘इको’ किंवा तत्सम सौम्य पद्धतीतच चालवावी. पायांना आचके येण्याचा त्रास असणाऱ्यांनी पायखीळींवर आडवी पट्टी बसवून घेणे अत्यावश्यक आहे. एरवी अचानक ताठरलेला पाय ॲक्सिलरेटरवर पडण्याचा धोका राहतो.

खरा प्रश्न आसनाचा

गाड्यांची जाहिरात पल्ला, पडदा आणि रंग यांच्याविषयी बोलते. व्हीलचेअरवरील ग्राहकाचा पहिला प्रश्न मात्र वेगळा असतो : मी आत कसा जाणार? याचे उत्तर माहितीपत्रकात सापडत नाही, ते मोजपट्टी घेऊनच काढावे लागते.

साधारण व्हीलचेअरची बैठक जमिनीपासून ४५ ते ५० सेंटीमीटर उंच असते. त्यावर गादी असते ती वेगळी. मोटारीची बैठक त्याच पातळीला किंवा किंचित खाली असेल तर सरकणे सोपे. ती दहा-पंधरा सेंटीमीटर वर असेल, तर प्रत्येक वेळी संपूर्ण शरीराचा भार दोन्ही हातांवर उचलून वर चढावे लागते. दिवसातून चार वेळा, वर्षानुवर्षे. खांदा हाच ज्याचा पाय आहे, त्याने खांदा असा झिजवणे परवडणारे नाही. विजेच्या गाड्यांत बॅटरी तळाशी असल्याने काही मॉडेलांत तळ आणि बैठक दोन्ही वर सरकतात. त्यातच सध्या उंच, एसयूव्ही धर्तीच्या गाड्यांची चलती. व्हीलचेअरवाल्याच्या दृष्टीने ही फॅशन गैरसोयीची आहे, असे स्पष्टच म्हटले पाहिजे. उलट कॅलिपर आणि कुबड्या वापरून उभे राहता येणाऱ्या व्यक्तीला हीच उंच बैठक सोयीची वाटते. गुडघा न वाकवता, फार खाली न वाकता नुसते मागे टेकून बसता येते. म्हणजे ‘अपंगांसाठी चांगली गाडी’ असा एकच प्रकार संभवत नाही. एकाच घरातील दोघांचीही निवड वेगळी निघू शकते.

बैठकीच्या कडा फार उंच नकोत. क्रीडा-धर्तीच्या आसनाच्या फुगीर बाजू ओलांडताना त्वचा घासते. संवेदना नसलेल्या भागावर झालेली अशी जखम लक्षात यायला दोन दिवस लागतात आणि भरायला दोन महिने. दरवाजाची चौकट व बैठक यांतील अंतर सरकफळी टाकून पार होईल इतके असावे. स्टिअरिंग वर-खाली होते का, बैठकीची उंची बदलता येते का, हेही पाहावे. स्वतःची गादी मोटारीत वापरणार असाल तर ती ठेवून डोक्यावर किती जागा उरते ते तपासावे.

आता एक गोष्ट, जी विक्रेते सहसा सांगत नाहीत. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला उभी राहते. म्हणजे अपंग चालकाला व्हीलचेअर वाहत्या रहदारीच्या बाजूला लावून, दार सताड उघडे ठेवून आत सरकावे लागते. या दोन-तीन मिनिटांत मागून येणारा रिक्षावाला काय करील, याचा भरवसा नाही. काही जण यावर उपाय म्हणून डाव्या दाराने शिरतात आणि मधला भाग ओलांडून चालकाच्या जागी जातात. ते जमायचे तर दोन आसनांमधली जागा मोकळी हवी. उंच कन्सोल, हातब्रेकचा दांडा वा गिअरची मूठ मध्ये आली की हा मार्ग बंद. बटणाचा पार्किंग ब्रेक असलेली गाडी इथे उपयोगी पडते आणि हातब्रेक ओढण्याचे श्रमही वाचतात.

बसल्यावर व्हीलचेअरचे काय? चाके काढून ती मांडीवरून डावीकडच्या आसनावर घेणे हा एकट्याने प्रवास करणाऱ्यांचा सर्रास मार्ग. १०-१२ किलोच्या हलक्या, चाके सुटी होणाऱ्या खुर्चीसाठी तो ठीक. दवाखान्यात दिसणारी लोखंडी खुर्ची १५ ते २० किलोंची असते. ती डिकीत टाकायला मदतनीस लागतोच. मोटारीच्या अंदाजपत्रकात हलक्या खुर्चीची रक्कम धरलेली बरी.

फिरते आसन

बाहेरच्या बाजूला वळणारे आसन परदेशांत अनेक वर्षे वापरात आहे. आपल्याकडे स्वतंत्र व्यावसायिक ते बसवून देत असत. डिसेंबर २०२५ मध्ये मारुती सुझुकीने बंगळुरूच्या एका नवउद्योगाच्या साह्याने ‘वॅगन आर’साठी असे आसन आपल्या विक्री केंद्रांतून देण्यास सुरुवात केली, हे महत्त्वाचे पाऊल. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. ती गाडी विजेवर चालत नाही आणि ते आसन चालकाचे नसून पुढच्या प्रवाशाचे आहे. वृद्ध आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्याला ते वरदान, स्वतः चालवू इच्छिणाऱ्याला त्याचा थेट उपयोग नाही.

चालकाच्या बाजूला फिरते आसन बसवणे अवघड का, तर स्टिअरिंग आणि दरवाजाचा खांब मध्ये येतात. पाय वळवायला जागा अपुरी पडते. फिरणाऱ्या तळामुळे बैठक काही सेंटीमीटर वर जाते. आणि आसनाच्या कुशीत एअरबॅग असेल, तर तिच्या तारांना धक्का न लावता काम करणारा कारागीर हवा. ज्याचे हात बळकट आहेत त्याला फिरत्या आसनापेक्षा योग्य उंचीची बैठक, मोठे उघडणारे दार आणि तीन-चार हजारांच्या आतबाहेरची चांगली सरकफळी अधिक कामाची ठरते, असे आमचे मत.

व्हीलचेअरसह आत शिरून, त्यावरच बसून गाडी चालवण्याची कल्पना अर्थातच सर्वांत आकर्षक. हंगेरीत जन्मलेल्या ‘केंगुरू’ या छोट्या विजेच्या गाडीची रचना नेमकी हीच होती. मागचे दार उघडायचे आणि खुर्चीसह आत जायचे. ती सर्वत्र मिळणारी गाडी कधी झाली नाही. पेट्रोल गाड्यांचा तळ कापून, खाली घेऊन असे बदल परदेशांत केले जातात. विजेच्या गाडीत मात्र तळाशी बॅटरी असल्याने तो कापता येत नाही. म्हणजे क्लचच्या जाचातून सोडवणारे तंत्रज्ञानच खुर्चीसह आत जाण्याची वाट अडवते. हा पेच जगभरच्या वाहनउद्योगापुढे आहे.

परवडणाऱ्या गाड्या कोणत्या?

पुढील किमती त्या-त्या गाडीच्या आगमनावेळच्या, शोरूममधील प्राथमिक किमती आहेत. आजची किंमत विक्रेत्याकडून लेखी घ्यावी.

‘एमजी कॉमेट’ (२०२३, ७.९८ लाख रुपये) तीन मीटरपेक्षा किंचित कमी लांबीची, दोन दरवाजांची गाडी. बॅटरी १७.३ किलोवॅट-तासांची. दोनच दरवाजे असल्यामुळे ते लांब आहेत आणि आत शिरायला मोठी जागा मिळते. मात्र तितकेच मोठे दार उघडायला शेजारीही जागा लागते. सोसायटीच्या खांबांमध्ये अडकलेल्या पार्किंगमध्ये हाच गुण दोष बनतो. मागील आसने दुमडल्याखेरीज सामानाला जागा नाही, त्यामुळे खुर्ची आणि दोनहून अधिक माणसे एकत्र बसवण्याचा विचार सोडावा. जलद चार्जिंगच्या प्रकारांत बटणाचा पार्किंग ब्रेक आहे.

‘टाटा टियागो ईव्ही’ (२०२२, ८.४९ लाख) ही नेहमीची चार दरवाजांची हॅचबॅक, १९.२ आणि २४ किलोवॅट-तासांच्या बॅटऱ्यांसह आली. बैठक एसयूव्हींहून खाली असल्याने व्हीलचेअरवाल्यांनी प्रथम हीच बसून पाहावी. हातब्रेक जुन्या पद्धतीचा दांड्याचा आहे, हे मधून सरकणाऱ्यांच्या आड येते.

‘टाटा पंच ईव्ही’ (जानेवारी २०२४, १०.९९ लाख) उंच आहे. तिचे दरवाजे जवळजवळ काटकोनात उघडतात, हा तिचा मोठा गुण. कॅलिपरवाल्यांना ती आवडेल, खुर्चीवरून चढणाऱ्यांनी मात्र मोजपट्टी लावल्याशिवाय ठरवू नये. चार्जिंगचे तोंड गाडीच्या नाकावर आहे. कॉमेटचेही तसेच. खुर्चीवरून हात पोहोचवायला ते सोयीचे, पण भिंतीला नाक लावून गाडी उभी करण्याची सवय मोडावी लागते.

‘एमजी विंडसर’ (सप्टेंबर २०२४, १३.५० लाख) आतून प्रशस्त, पण ‘परवडणारी’ या शब्दाच्या सीमेवरची. तिच्याबरोबर बॅटरी भाड्याने देण्याची योजना आली : गाडी ९.९९ लाखांना आणि बॅटरीचे किलोमीटरमागे साडेतीन रुपये. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याला साडेतीन हजार रुपये भाडे आणि विजेचे बिल वेगळे. फार न फिरणाऱ्याला हा हिशेब आकर्षक दिसतो. करारात किमान किलोमीटरची अट आहे का, एवढे मात्र वाचून घ्यावे.

जुनी गाडी घेणेही वाईट नाही. या कंपन्या बॅटरीवर साधारण आठ वर्षांची हमी देतात. ती दुसऱ्या मालकाकडे कोणत्या अटींवर जाते, हे व्यवहारापूर्वी कंपनीलाच विचारावे.

सवलतींचे गणित

पेट्रोल-डिझेलच्या छोट्या गाड्यांवर २८ टक्के जीएसटी असताना, ४० टक्के वा अधिक अस्थिव्यंग असणाऱ्यांना केंद्रीय अवजड उद्योग मंत्रालयाच्या प्रमाणपत्रावर १८ टक्क्यांचा दर मिळे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांचा दर सर्वांसाठीच १८ टक्के झाला, त्यामुळे या प्रमाणपत्राला पूर्वीचा अर्थ राहिला नाही. विजेच्या गाड्यांवर तर ऑगस्ट २०१९ पासून सरसकट ५ टक्केच जीएसटी आहे. अपंग ग्राहकाला प्रमाणपत्रासाठी दिल्लीशी पत्रव्यवहार करावा लागत नाही, हा विजेच्या गाडीचा न सांगितला जाणारा फायदा.

केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत खासगी मोटारींना अनुदान नाही. गाडीकर्जाच्या व्याजावरील प्राप्तिकर सवलत ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरती होती. एखादा विक्रेता अजूनही तिचे आमिष दाखवत असेल तर सावध राहावे. महाराष्ट्राच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात मोटार वाहन करातून सूट आहे, तसेच मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर विजेच्या मोटारींना पथकर माफ आहे.

राष्ट्रीय महामार्गांवर अपंगांच्या वापरासाठी खास तयार केलेल्या वाहनांना २००८ च्या शुल्क नियमांनुसार माफी आहे. ती मिळवायची तर आरसीवर तशी नोंद हवी. ऑक्टोबर २०२० पासून वाहन नोंदणीच्या नमुना २० मध्ये मालकीचा ‘दिव्यांगजन’ असा स्वतंत्र प्रकार आहे. नोंदणीचा अर्ज विक्रेत्याचा माणूस भरतो आणि सवयीने ‘वैयक्तिक’ असे लिहून टाकतो. तो अर्ज स्वतः वाचल्याखेरीज सही करू नये, नंतरच्या दुरुस्तीत हेलपाटेच अधिक.

परवाना आणि फेरबदल

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात पूर्वी ‘इनव्हॅलिड कॅरेज’ अशी संज्ञा होती आणि तिची व्याख्या विचित्र होती : वाहन अपंगांसाठी मुळातच खास बनवलेले हवे, नुसते फेरबदल केलेले चालणार नाही! असे वाहन कारखान्यातून जवळपास येतच नव्हते. २०१९ च्या दुरुस्तीने ही संज्ञा रद्द होऊन ‘अनुकूलित वाहन’ ही कल्पना आली. आता कलम ५२ नुसार मालक आपल्या गाडीत असे बदल आधी करून नंतर नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता घेऊ शकतो, अर्थात विहित अटी पाळून. म्हणून फिटरकडून काम करून घेताना त्याचा संच पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासलेला आहे का हे विचारावे, पक्के बिल घ्यावे आणि लगेच आरटीओत गाडी दाखवून आरसीवर नोंद करून घ्यावी. गल्लीतल्या गॅरेजात वेल्डिंग करून बसवलेला दांडा स्वस्त पडतो. पण भर रस्त्यात त्याचा एक बोल्ट निसटला तर ब्रेकच नाही, आणि नोंद नसल्याने विमा कंपनीला दावा नाकारण्याचे निमित्त मिळते. विजेच्या गाडीत आणखी एक पथ्य : संच केवळ पायखीळींना यांत्रिक रीतीने जोडणारा असावा. उच्च दाबाच्या तारांना, विशेषतः नारिंगी आवरणाच्या वायरींना, फिटरने हात लावता कामा नये. बदलांमुळे वॉरंटीवर काय परिणाम होतो, याचे उत्तर कंपनीकडून ई-मेलवर मागवावे.

विम्याच्या बाबतीत, २००२ च्या भारतीय मोटार टॅरिफमध्ये अपंगांसाठी फेरबदल केलेल्या व तशी आरसी नोंद असलेल्या वाहनांच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सवलतीची तरतूद होती. टॅरिफचे बंधन गेले, तरी विमा घेताना ही सवलत नाव घेऊन मागावी. न मागणाऱ्यास ती सहसा कोणी देत नाही.

परवान्यासाठी शिकाऊ परवाना, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि चाचणी हा क्रम सर्वांसारखाच, फक्त परवान्यावर ‘अनुकूलित वाहन’ असा प्रवर्ग येतो. अडचण वेगळीच आहे. हँड कंट्रोल असलेली गाडी बहुतेक ड्रायव्हिंग स्कूलांकडे नसते. परिणामी गाडी चालवता येईल की नाही हे कळण्याआधीच ती विकत घ्यावी लागते आणि चाचणीही त्याच गाडीवर द्यावी लागते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचे कलम ४१ परवडणाऱ्या खर्चात वैयक्तिक प्रवासाची सोय, सवलती आणि वाहनांतील फेरबदल यांसाठी योजना आखण्यास सरकारला सांगते. प्रत्येक जिल्ह्यात अशी एक प्रशिक्षण गाडी ठेवणे हे त्या कलमाचे सर्वांत स्वस्त पालन ठरेल. तोवर मुंबईत हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेसारख्या ठिकाणी व्यवसायोपचार तज्ज्ञाकडून हातांची ताकद, तोल आणि प्रतिसादाचा वेग तपासून घ्यावा.

चार्जिंग

घरी १५ अँपिअरच्या प्लगवर रात्रभर गाडी लावणे हा अपंग चालकासाठी सर्वांत निर्धोक मार्ग. पेट्रोल पंपावर जाण्याचीही गरज नाही. प्लग जमिनीपासून खुर्चीवर बसून हात पोहोचेल इतक्या उंचीवर घ्यावा आणि सोसायटीकडे अर्ज करताना कोपऱ्यातली वा रॅम्पजवळची जागा मागावी. सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनुसार अपंगांच्या पार्किंगची रुंदी ३.६ मीटर असावी. एवढी जागा सोसायटीत मिळणे कठीण, पण चालकाच्या बाजूला एक मीटर मोकळा राहील असे खांब पाहून ठरवता येते.

सार्वजनिक चार्जिंग केंद्रांवर मात्र चित्र निराशाजनक आहे. यंत्र उंच ओट्यावर, त्यापुढे लोखंडी खुंट, जड केबल आणि सूर्यप्रकाशात न दिसणारा पडदा. ब्रिटनमध्ये अशा केंद्रांच्या सुगमतेसाठी २०२२ मध्ये स्वतंत्र मानक प्रसिद्ध झाले. आपल्याकडे चालकाने आधी फोन करून मदतीला माणूस आहे का, हे विचारून निघणेच शहाणपणाचे.

उन्हाळ्यासाठी एक सूचना. मानेच्या वा छातीच्या वरच्या भागात कण्याला इजा झालेल्यांना इजेखालच्या भागात घाम येत नाही, त्यामुळे तापलेल्या गाडीत त्यांचे अंग झपाट्याने तापते. ज्या विजेच्या मोटारींत मोबाइलवरून वातानुकूलन आधीच सुरू करता येते, त्या अशांनी प्राधान्याने पाहाव्यात. कमी किमतीच्या प्रकारात ही सोय बहुधा वगळलेली असते, म्हणून दोन प्रकारांच्या किमतीतील फरक याच निकषावर तोलावा. आणि विक्रेत्याकडे जाताना फेरफटक्याची वेळ न मागता अर्ध्या तासाची उभी गाडी मागावी : स्वतःच्या खुर्चीवरून तीन वेळा चढून-उतरून, खुर्ची आत घेऊन, दार बंद करून पाहण्यासाठी. तिसऱ्या खेपेला दम लागला, तर दुसरी गाडी पाहावी.